सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा

२०२४च्या दिवाळीनंतर आम्ही गाडी बदलायचं नक्की केलं. कारणं दोन होती, सासूबाईंचे गुडघे आणि गावचा रस्ता. आमची तेरा वर्षांची हॅचबॅक चालायला अजून ठणठणीत होती, पण तिची सीट इतकी खाली की आईंना उतरवताना दोघांनी दोन्ही हात धरून वर ओढावं लागायचं. गाव भोरच्या पुढे आहे. शेवटचे चार किलोमीटर नावालाच डांबरी, आणि दर वेळी कुठला ना कुठला दगड खालून खणकन लागतो. एकदा ऑइल चेंबरला चीर गेली, तेव्हा रात्री दहा वाजता अंधारात टेम्पोची वाट बघत बसलो होतो. म्हणजे हवी होती थोडी उंच, पण पुण्यात कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मावेल अशी गाडी. नवी घ्यायची तर रोड टॅक्स आणि विमा धरून आकडा आमच्या आवाक्याबाहेर जात होता. जवळ होते साडेसात लाख. त्यात जुनीच येणार होती.

सुरुवात सगळे करतात तशीच केली. भेटेल त्याला विचारायचं, "कुठली गाडी भरवशाची?" ऑफिसात, नात्यात, सोसायटीच्या जिन्यात. प्रत्येकाचं उत्तर ठाम, आणि प्रत्येकाचं उत्तर म्हणजे स्वतःकडे असलेली गाडी. त्यातून काही हाती लागलं नाही. तेव्हा आपल्याला कशासाठी हवी आहे तिथून मागे जात यादी छाटायला घेतली.

डिझेल पहिल्यांदा गेलं. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर बसू लागला, त्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळायला गाडी मधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. माझा रोजचा प्रवास कोथरूड ते लक्ष्मी रोड, सहा-सात किलोमीटर, तोही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. तो फिल्टर माझ्या हातात तुंबणारच होता. फोर्डची इकोस्पोर्ट चालवायला मला मनापासून आवडली होती, पण फोर्डने सप्टेंबर २०२१मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. मला गाडी दहा वर्षं वापरायची आहे. आठव्या वर्षी एखाद्या सेन्सरसाठी दारोदार फिरायची माझी तयारी नव्हती, म्हणून तीही गेली. सुरक्षिततेचा विचार होताच. टाटा नेक्सॉनला डिसेंबर २०१८मध्ये, गाड्या आदळवून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले, तेव्हापासून आमच्या घरातही तारे मोजूनच गाड्यांची चर्चा होते.

एक गोष्ट मात्र मला यादी करताना कळली आणि पुढे फार उपयोगी पडली. चार मीटरच्या आतली एसयूव्ही हा प्रकार आपल्याकडच्या करामुळे फोफावला आहे. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या किंवा डिझेल १५०० सीसीच्या आत असेल तर कर कमी लागतो. त्यामुळे या उंच, जड गाड्यांत पुष्कळदा लहान इंजिन आणि त्याला जोर द्यायला टर्बो, अशी जोडी असते. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे फिरतो आणि त्याचं वंगण म्हणजे इंजिनचंच तेल. ज्या मालकाने तेल बदलायला सहा महिने उशीर केला, त्याने पुढच्या मालकाच्या खिशातून उसने पैसे घेतले असं समजायचं. म्हणून जुन्या टर्बो गाडीत मी रंग, म्युझिक सिस्टीम, सनरूफ काही न बघता सर्व्हिसची बिलं आधी मागायला लागले.

तीन मॉडेलं उरली. ती घेऊन मी वारज्याला आमच्या मेस्त्रींकडे गेले. हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून त्यांचं गॅरेज आहे, आमची हॅचबॅक पहिल्या वर्षापासून त्यांच्याच हातात. माझी यादी त्यांनी हातातसुद्धा घेतली नाही. म्हणाले, "ताई, मॉडेल नका सांगू. गाडी दाखवा. एकाच दिवशी कंपनीतून शंभर निघाल्या तरी पाच वर्षांनी त्या शंभर निरनिराळ्या गाड्या असतात. कुठे उभी होती, कोणी चालवली, कोणी धुतली, त्यावर असतं सगळं."

मी सहकारी बँकेत तपासणी विभागात आहे. व्हाउचर आणि खतावणी जुळवणं हे माझं रोजचं काम. तेव्हा आमच्यात वाटणी ठरली, कागद मी बघायचे आणि लोखंड मेस्त्रींनी. एका गाडीच्या तपासणीचे दीड हजार त्यांनी सांगितले, मी आनंदाने कबूल केले. आजही वाटतं, सगळ्या व्यवहारातले सर्वांत सार्थकी लागलेले पैसे तेच.

पहिली गाडी सहकारनगरला होती. जून २०१८ची, पेट्रोल, एकच मालक, ४६ हजार किलोमीटर. भाव सहा लाख चाळीस हजार, म्हणजे तशा इतर गाड्यांपेक्षा पन्नासेक हजारांनी कमी. मालक सभ्य गृहस्थ, चहा झाला, घरातल्यांशी ओळख झाली. गाडी आरशासारखी चमकत होती. आरसी बुक, पीयूसी, परिवहनच्या ॲपवरची नोंद, ई-चलान, सगळं स्वच्छ. कर्जाचा बोजा उतरवलेला. माझ्या कामाच्या हिशेबाने शेरा मारायला जागा नव्हती.

मग मी विम्याची पॉलिसी उलगडली. चालू पॉलिसी जून २०२४ची, आणि नो क्लेम बोनस ४५ टक्के.

इथे जरा थांबून हे सांगायला हवं, कारण बहुतेक लोक पॉलिसीवर फक्त मुदत बघतात. वर्षभर क्लेम केला नाही की पुढच्या हप्त्यात सूट मिळते. तिच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत : २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के. एक क्लेम केला की परत शून्यावर. २०१८ची गाडी, क्लेम एकही नाही, तर २०१९ला २०, २०२०ला २५, २०२१ला ३५, २०२२ला ४५ आणि २०२३पासून ५०. मग २०२४ला ४५ कशी? उलट मोजत गेले. ४५ म्हणजे सलग चार वर्षं क्लेम नाही, जून २०२० ते जून २०२४. म्हणजे क्लेम झाला तो जून २०१९ ते जून २०२०च्या दरम्यान. पॉलिसी नव्वद दिवसांपेक्षा जास्त तुटली तरी बोनस जातो, ती शक्यता मी विचारून घेतली. नाही, कधीच तुटली नव्हती. बोनस राखून ठेवणारं वेगळं कलमही काही पॉलिसीत असतं, पण ते असतं तर आकडा खाली आलाच नसता.

"२०१९ला क्लेम झाला होता का काका?"

"बंपर बदलला होता. किरकोळ. रिक्षावाल्याने मागून ठोकलं."

"साधारण कधी?"

"दिवाळीच्या आसपास असेल."

मी वहीत लिहून घेतलं आणि निघाले. अरण्येश्वरच्या बाजूने घरी येताना आंबिल ओढ्याचा पूल लागला, आणि तिथे माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. २५ सप्टेंबर २०१९ची रात्र. कात्रजपासून सगळं पाणी ओढ्याने खाली आलं, भिंती पडल्या, माणसं गेली, आणि सकाळी गाड्या एकमेकींवर चढलेल्या दिसत होत्या. त्या दिवाळीला जेमतेम महिना उरला होता.

पुढच्या रविवारी मेस्त्रींना घेऊन गेले. त्यांना मी मुद्दाम काहीच सांगितलं नाही, पॉलिसीचं नाही आणि ओढ्याचंही नाही. त्यांनी पहिल्यांदा चारही काचा वर केल्या, दार लावून घेतलं आणि आत दोन मिनिटं नुसते बसून राहिले. एसीच्या जाळीला वासाची बाटली अडकवलेली होती, ती काढून माझ्या हातात दिली. २०२४च्या जुलैमध्ये खडकवासला धरणाच्या पाण्याने पुण्यातली एकतानगरी बुडाली, तेव्हापासून ते प्रत्येक गाडीत आधी असेच ओलीचा वास घेत बसतात.

मग त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट धरला. आपण ओढतो तेवढा ओढला, तो नवाकोरा काळा कुळकुळीत. पण ते थांबले नाहीत. सावकाश ओढतच राहिले, पट्ट्याचा ढीग सीटवर पडायला लागला, आणि आतलं रीळ संपून पट्टा खटकन अडला. शेवटच्या वीतभर भागात आडवी एक तपकिरी रेघ होती, बोटभर रुंद. वरची कड स्पष्ट, खालची पुसट. त्या रेघेच्या पलीकडे पट्ट्याचा पोतच निराळा होता, खळ घातलेल्या कापडासारखा ताठर. मेस्त्रींनी तो दोन बोटांत दुमडला आणि परत उलगडला. घडीतून पिठासारखी बारीक माती त्यांच्या पॅन्टवर सांडली.

"हे रीळ दोन दारांमधल्या खांबाच्या बुडाशी असतं," ते मला हळू आवाजात म्हणाले. "सीट धुतात, गालिचा बदलतात, छत बदलतात. पट्ट्याचं हे टोक कधी बाहेरच येत नाही, म्हणून कोणी धूत नाही."

पुढचं सगळं भरभर झालं. डिकीतलं स्टेपनीचं टायर काढलं, तर खालच्या खळग्याच्या कोपऱ्यात वाळलेला गाळ. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले, बाकी गाडीत गंज कुठे नाही. डॅशबोर्डच्या खाली टॉर्च मारून एक वायरिंगचा सॉकेट त्यांनी सोडवला, पितळी टोकांवर हिरवट बुरशीसारखा थर. सॉकेट परत जागेवर बसवून ते उठले आणि मालकांना एवढंच विचारलं, "साहेब, पाणी कुठपर्यंत आलं होतं?"

ते गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सीटच्या वर."

मला त्यांचा राग आला नाही असं नाही, आला. पण त्या रात्री त्यांचंही नुकसान झालं होतं, तळमजल्यावरचं घर अर्धं भिजलं होतं. विम्यातून गाडी दुरुस्त झाली आणि पाच वर्षं चालली, हेही खरं. त्यांचं म्हणणं, आता काय त्रास आहे? मेस्त्रींनी नीट समजावून सांगितलं. पाण्याचा त्रास लगेच दिसत नाही. इंजिन उघडून साफ करता येतं, पण गाडीभर पसरलेल्या वायरिंगचे जोड आतून खात जातात. एअरबॅग उघडायची की नाही हे ठरवणारा डबा मधल्या कन्सोलखाली, जमिनीला लागून असतो. तो ऐन वेळी बोलेल की नाही, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. आमच्या सासूबाई पुढच्याच सीटवर बसणार होत्या. मालकांनी पहिल्याच भेटीत खरं सांगितलं असतं, तर निदान बोलणी तरी झाली असती.

या एका गाडीने माझा बघण्याचा रोख पक्का केला. कागदांतला आकडा एक तारीख दाखवत होता आणि पट्ट्यातली मातीही तीच तारीख दाखवत होती. मालकाचं बोलणं तेवढं त्यात बसत नव्हतं. त्यानंतर प्रत्येक गाडीजवळ मी हेच शोधत गेले : कागद, लोखंड आणि माणूस हे तिघं एकच हकिगत सांगतात का? त्यात एखादी वाईट गोष्ट असली तरी चालेल, पण ती तिघांनी सारखी सांगायला हवी.

मधल्या तीन आठवड्यांत पाच गाड्या बघितल्या. त्यांतल्या तीन गाड्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एक मूळची दिल्लीची निघाली. तिकडे तेव्हा दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी होती, त्यामुळे दहाच्या जवळ आलेल्या गाड्या स्वस्तात इकडे यायच्या आणि एमएच नंबर लावून विकल्या जायच्या. गाडी वाईटच असते असं नाही, पण तिचा अर्धा जन्म आपल्याला बघायला मिळत नाही, म्हणून सोडली. शिवाय डिझेलच होती.

वाकडच्या बाजूला एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडची गाडी मात्र सांगायला हवी. २०२१ची, टर्बो पेट्रोल, ३४ हजार किलोमीटर. मेस्त्रींनी आधीच फोन करून बजावलं होतं की इंजिन थंड पाहिजे, आम्ही येईपर्यंत चालू करू नका. पोहोचल्यावर मी बॉनेटवर तळवा ठेवला तर ते कोमट. थंड इंजिनचा पहिला आवाज आणि पहिला धूर यांतच बरंच कळतं. तेल जळत असेल तर निळसर धूर दिसतो, इंजिनातली चेन किंवा टॅपेट सैल असेल तर पहिले दोन-तीन सेकंद खडखड होते. ते सगळं आम्ही यायच्या आधीच होऊन गेलं होतं.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. चारही टायरवर ११२३. म्हणजे २०२३च्या मार्चमधले. शहरातल्या गाडीचे कंपनीचे टायर साधारण चाळीस हजार तरी चालतात. ३४ हजार चाललेल्या गाडीचे टायर दुसऱ्या वर्षीच का बदलले? उत्तर नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरची नोंद २१ हजारांवर थांबलेली, पुढची बिलं नाहीत. क्लचच्या पेडलवरचं रबर एका कडेने गुळगुळीत झालेलं.

मेस्त्रींच्या पुतण्याने स्कॅनर आणला होता. स्टीअरिंगच्या खाली एक सॉकेट असतो, त्यात काडेपेटीएवढा डबा खोचला की मोबाइलवर गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती येते. दोषाचा एकही कोड नव्हता. विक्रेता खूश झाला. पुतण्याने खाली सरकवत एक ओळ मला दाखवली : कोड पुसल्यापासूनचं अंतर, ६ किलोमीटर. म्हणजे आम्ही यायच्या आधी कोणीतरी कोड पुसले होते. इंजिन स्वतःच्या ज्या चाचण्या घेतं, त्यांतल्या बऱ्याचशा "अपूर्ण" दिसत होत्या. कोड पुसले की त्या नव्याने सुरू होतात आणि पूर्ण व्हायला गाडी काही दिवस नेहमीसारखी चालावी लागते. मेस्त्री म्हणाले, "दोनशे किलोमीटर चालवा, मग परत बघू." विक्रेता म्हणाला, "मॅडम, ही गाडी संध्याकाळपर्यंत राहणार नाही." आम्ही निघून आलो. त्या गाडीत नेमकं काय होतं ते मला आजही ठाऊक नाही.

शेवटची गाडी निगडी प्राधिकरणात. आश्चर्य म्हणजे ती सहकारनगरच्या गाडीचंच मॉडेल, रंगही तोच. कोणतं मॉडेल ते मी लिहीत नाही, कारण लिहिलं की वाचणारा तेवढंच लक्षात ठेवतो, आणि तेच मला नको आहे. नोव्हेंबर २०२०ची, एमएच-१४, पेट्रोल, साधा गिअर, ३८ हजार किलोमीटर. मालक सत्तरीचे, सगळी नोकरी कारखान्याच्या टूलरूममध्ये केलेले. डोळ्यांमुळे गाडी चालवणं सोडत होते. फोनवरच त्यांनी सांगितलं, "डाव्या बाजूचं मागचं दार रंगवलेलं आहे. सोसायटीच्या फाटकाच्या खांबाला मीच घासलं. आणि खड्ड्यातून जाताना पुढून एक आवाज येतो, तो काय आहे मला माहीत नाही." विकणाऱ्याच्या तोंडून हे ऐकून मी लगेच मेस्त्रींना फोन लावला.

जानेवारीतली सकाळ, साडेसहा. बॉनेटवर दवाचे थेंब होते, हात लावला तर गार. मेस्त्रींनी किल्ली फिरवली आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून चार-पाच सेकंदांत विझला. तो लागायलाही हवा आणि विझायलाही हवा. मुळीच न लागणारा दिवा म्हणजे कोणीतरी त्याची वायर तोडलेली असण्याची शंका. इंजिन पहिल्या फटक्याला चालू झालं. मागे थंडीतली पांढरी वाफ आली आणि दोन मिनिटांत नाहीशी झाली. चालू इंजिनवर तेलाचं झाकण उघडून त्यांनी तोंडावर तळहात धरला. बॅक कॉम्प्रेशन असेल, म्हणजे इंजिनातला दाब खाली गळत असेल, तर तिथून भसाभस धूर आणि तेलाचे शिंतोडे येतात. तळहात कोरडाच राहिला. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ साय नव्हती, म्हणजे तेलात पाणी जात नव्हतं. सीटबेल्ट तर मीच ओढला, चारही, शेवटपर्यंत. स्वच्छ.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र पुतण्याने सगळ्या पत्र्यावर फिरवलं. बॉनेट, छत, दारं, सगळीकडे १०० ते १३० मायक्रॉन. डावं मागचं दार २८०. मग दार उघडून आतल्या खांबावर लावलं, ११०. मेस्त्रींच्या मते खरी बघायची जागा हीच. दाराला पुट्टी भरून रंग मारला तर बिघडत नाही, ते बदलूही शकतं. खांब, छताची कड, पुढचे एप्रन (बॉनेटखालचा आतला पत्रा), चेसिसचे दांडे यांना हात लागलेला असेल तर गाडी मोठ्या अपघातातून आलेली. तिथले कंपनीचे गोल स्पॉट वेल्डचे ठसे त्यांनी बोटाने एकेक चाचपून पाहिले. टायरवर ३८२०, म्हणजे गाडीबरोबर आलेलेच. पाचवी स्टेपनीही त्याच सालची.

आणि मग काकांनी डायरी आणली. छोटी, निळ्या रेक्झिनची. पहिल्या टाकीपासूनची प्रत्येक नोंद : तारीख, किलोमीटर, लिटर, आणि शेवटच्या रकान्यात भागाकार. बारीक, सरळ, एका उंचीचं अक्षर. मी तिथेच जिन्यात बसून अर्धा तास ती वाचली. एकीकडे सर्व्हिसची बिलं उघडून ठेवली आणि किलोमीटर ताडून पाहिले. एकही आकडा मागे गेलेला नव्हता. शहरात लिटरला चौदा-पंधरा, गावाला गेले की सतरा-अठरा. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये दोन टाक्यांना मात्र ११.९ आणि १२.१. मी विचारलं. त्यांनी फाइल उलटून बिल काढलं. त्यांचं ऑपरेशन झालं होतं, ऐन पावसाळ्यात गाडी दीड महिना उभी राहिली, पुढच्या डाव्या चाकाचा ब्रेक दाबणारं कॅलिपर जाम होऊन चाक घासत होतं. दुरुस्तीची तारीख १९ ऑक्टोबर. पुढच्या टाकीला परत १४.६. गाडीला झालेलं एक दुखणं, त्याचं कारण, इलाज आणि उतार, सगळं एका पानावर होतं. जन्मात कधी बिघडलीच नाही म्हणणाऱ्या गाडीपेक्षा मला ही जास्त विश्वासाची वाटली.

चालवून बघायला आम्ही थेट वारज्यालाच नेली, काका मागच्या सीटवर. किवळ्याला बायपासला लागलो, बालेवाडीच्या पुढे मोकळा रस्ता मिळाला तेव्हा मेस्त्रींनी स्टीअरिंगवरून हात क्षणभर सैल सोडले, गाडी सरळ राहिली. चांदणी चौकाच्या चढाला मुद्दाम चौथ्या गिअरमध्ये वेग कमी करून एकदम ॲक्सिलरेटर दिला. क्लच सुटत असेल तर इंजिन नुसतं किंचाळतं आणि गाडी पुढे सरकत नाही. इथे कुरकुरत का होईना, चढली. वारज्याच्या सर्व्हिस रोडवरच्या स्पीडब्रेकरला तो आवाज आला. टुक. डावीकडून, एकदाच. रॅम्पवर घेतल्यावर चाकाला धरणाऱ्या लोअर आर्मचा रबरी बुश फाटलेला दिसला. आपल्या रस्त्यांवर हे व्हायचंच. तो आर्म, अलाइनमेंट आणि चार नवे टायर, कारण रबर चार वर्षांचं होऊन टणक झालं होतं. मेस्त्रींनी अंदाज दिला चाळीस हजार.

मागितले होते सात लाख पस्तीस हजार. मी अंदाजाचा कागद काकांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली, टायरवर हुज्जत घातली, बुशवर घातली नाही. सहा लाख पंच्याण्णवला ठरलं.

एक अडचण शेवटी निघाली. कर्ज २०२३मध्ये फिटलं होतं, पण आरसीवर बोजा तसाच होता. पुष्कळ लोक शेवटचा हप्ता भरतात आणि तिथेच थांबतात. बँकेची ना-हरकत आणि फॉर्म ३५ देऊन आरटीओतून तो उतरवावा लागतो, नाहीतर गाडी नावावर होत नाही. मी पंचवीस हजार इसार दिला, पावतीवर स्पष्ट लिहून घेतलं की बोजा उतरला नाही तर परत मिळतील. काकांना जरा लागलं, मला ते दिसलं. पण बँकेत असे अडकलेले व्यवहार मी रोज बघते, म्हणून ठाम राहिले. बारा दिवसांनी त्यांनीच फोन केला, ॲपवर बोजाचा रकाना रिकामा दिसत होता. मग बाकीचे पैसे बँकेतून, मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, आणि चौदा दिवसांच्या आत विमा नावावर करायचा अर्ज. त्यांचा नो क्लेम बोनस मला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. आमची हॅचबॅक विकताना मी विमा कंपनीकडून माझ्या बोनसचं पत्र घेतलं आणि ते या गाडीला लावलं.

आर्म बदलला, टायर बदलले, टुक गेला. फेब्रुवारीत गावाला गेलो. आई स्वतः पाय उचलून आत बसल्या आणि उतरताना फक्त दाराची कड धरली.

किल्ल्यांबरोबर काकांनी डायरीही दिली. "तुमच्याच गाडीची आहे आता," म्हणाले. त्यांची शेवटची नोंद ३८,४१२ची, त्याखाली माझी पहिली ३८,७९०ची, भोर रस्त्यावरच्या पंपावरची. मेस्त्रींनी बजावलंय की पहिले तीन महिने दर रविवारी इंजिन गार असताना कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी बघायची. त्याच्या टाकीवर मी पेन्सिलीने खूण केली आहे आणि डायरीत एक रकाना वाढवला आहे. परवाच्या रविवारची नोंद : ४०,१०५, कूलंट खुणेवर.